हालेआकाला राष्ट्रीय उद्यान (माउई, हवाई): सूर्योदय, उंची आणि दिवसाची आखणी

शेवंती
नमस्कार मंडळी. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही आठवडाभरासाठी माउई बेटावर जात आहोत. सोबत माझे आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी असेल. मुक्काम किहेईला, म्हणजे अगदी समुद्रकिनारी आहे, आणि हालेआकाला या ज्वालामुखी पर्वताचे शिखर १०,०२३ फुटांवर, म्हणजे ३,०५५ मीटरवर. एवढी चढण गाडीने दोन तासांच्या आत पार होते आणि माझी मुख्य काळजी नेमकी तीच आहे. बाबांची काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. ते रोज नियमाने चालतात, परंतु इतक्या उंचीवर यापूर्वी गेलेले नाहीत. आईला सौम्य दमा आहे.

ज्याला त्याला विचारावे तो एकच सल्ला देतो, की तिथला सूर्योदय चुकवू नका. त्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास सर्वांना घेऊन अंधारात घाट चढणे योग्य ठरेल का? माझ्या नवऱ्याला मोलोकिनी या लहानशा बेटाजवळ स्कूबा डायव्हिंगही करायचे आहे. ते आणि शिखर यांचा क्रम कसा लावावा? उद्यानाचा किपाहुलू भाग त्याच दिवशी पाहून होईल का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रानवारा
सूर्योदय अवश्य पाहा, असेच मी सांगेन. ढगांचा थर आपल्या पायांखाली असतो, त्याच्या कडेला आधी तांबूस रेघ उमटते आणि मग खालची दरी एकेका रंगाने उघडत जाते. बऱ्याचदा उद्यानाचे रेंजर त्या क्षणी हवाईयन भाषेतील पारंपरिक स्तोत्र म्हणतात आणि जमलेली सगळी माणसे आपोआप स्तब्ध होतात.

मात्र आयत्या वेळी ठरवून जाता येत नाही. पहाटे ३ ते सकाळी ७ या वेळात शिखराच्या भागात प्रवेश करायचा असेल, तर २०१७ पासून प्रत्येक वाहनासाठी आगाऊ आरक्षण लागते. ते ६० दिवस आधी खुले होते आणि काही जागा दोन दिवस आधी पुन्हा उपलब्ध करून देतात. दोन्हींची वेळ हवाईच्या घड्याळाप्रमाणे सकाळी ७ ही आहे. हवाईत घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा दुपारचा १ वाजलेला असतो. आरक्षणाचा १ डॉलर हा प्रवेशशुल्काहून वेगळा आहे. ज्याच्या नावावर आरक्षण आहे ती व्यक्ती छायाचित्र असलेल्या ओळखपत्रासह गाडीत असावी लागते.

मृद्गंध
रानवारा यांनी केलेले वर्णन खरे आहे, तरी माझे मत वेगळे आहे आणि ते मी आग्रहाने मांडणार आहे. हालेआकाला म्हणजे पहाटेचा अर्धा तास, ही समजूत या उद्यानावर अन्याय करणारी आहे. कितीतरी लोक रात्री अडीचला उठतात, कठड्याला टेकून कुडकुडतात, सूर्य वर आला की छायाचित्र काढतात आणि आठ वाजेपर्यंत खाली उतरूही लागतात. ज्या दरीच्या काठावर ते उभे असतात तिच्यात एक पाऊलही न टाकता ते परत जातात. पाहण्यासारखे सारे त्या दरीत आहे. सात वाजल्यानंतर आरक्षण लागत नाही, गर्दी ओसरलेली असते आणि ऊन अजून सौम्य असते. सोबत वडीलधारी माणसे आणि लहान मूल असताना मी तरी सकाळी सातनंतरच वर पोहोचेन आणि तो संपूर्ण दिवस पर्वताला देईन.

केवडा
मृद्गंध यांना अनुमोदन. अपुऱ्या झोपेने थकलेले मूल आणि गोठवणारा वारा यांचा मेळ बसत नाही.

औषधवेल
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून उंचीविषयी थोडे सविस्तर लिहितो. हा सल्ला सर्वसाधारण आहे; तुमच्या बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय बेत पक्का करू नका.

तीन हजार मीटरवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेवढेच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायूही तितकाच घटतो. गाडीने दोन तासांत वर गेल्यावर शरीराला जुळवून घ्यायला मुळीच वेळ मिळत नाही. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. उंचीच्या त्रासाची डोकेदुखी, मळमळ ही लक्षणे बहुधा काही तासांनंतर सुरू होतात आणि तोवर तुम्ही खाली उतरलेले असता. शिवाय रात्रीची झोप समुद्रसपाटीला होते, ही मोठी जमेची बाजू आहे. म्हणून गंभीर आजाराची शक्यता कमी असते. धाप लागणे, चक्कर येणे, पाय जड होणे हे मात्र अनेकांना जाणवते.

बाबांची प्रकृती स्थिर असेल आणि रोजचे चालणे त्यांना विनासायास जमत असेल, तर डॉक्टर कदाचित हरकत घेणार नाहीत. तरीही वर पोहोचताच त्यांनी चढणीची वाट धरू नये. थोडा वेळ बसावे, पाणी प्यावे आणि नेहमीच्या निम्म्या वेगाने चालावे. आईंसाठी उंचीपेक्षा थंड, कोरडी हवा हा दमा चाळवण्याचा मोठा धोका आहे. त्यांचा इन्हेलर पिशवीत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीने डबीतला दाब घटतो आणि औषध पुरेसे बाहेर येत नाही. नाकातोंडावर मफलर गुंडाळला तर श्वासाबरोबर जाणारी हवा थोडी उबदार होते. छातीत दुखणे, विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ, यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता खाली उतरावे. दवाखाना डोंगराच्या पायथ्याच्या गावांतच मिळेल, हे गृहीत धरूनच वर जावे.

अभ्रक
स्कूबाविषयी मी लिहितो, कारण माउईवर हा प्रश्न खरोखर जिवावर बेतू शकतो. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासावाटे घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. तो पुरता निघून जाण्याआधी कमी दाबाच्या ठिकाणी गेलो, तर रक्तात आणि सांध्यांत त्याचे बुडबुडे तयार होतात. साधारण शिफारस अशी, की एकदाच बुडी मारली असेल तर विमानप्रवासापूर्वी किमान १२ तास, आणि अनेक बुड्या किंवा सलग काही दिवस डायव्हिंग झाले असेल तर किमान १८ तास थांबावे. विमानाच्या आतील दाब मात्र जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीइतकाच कमी होऊ देतात. हालेआकालाचे शिखर त्याहूनही उंच आहे. म्हणून मी पूर्ण २४ तास मोकळे ठेवण्याचा सल्ला देईन. ‘विमान तर परवा आहे’ असे म्हणून लोक सकाळी मोलोकिनीला बुडी मारतात आणि संध्याकाळी सूर्यास्तासाठी शिखरावर जातात. त्या बेतात हा पर्वत विमानाच्याच जागी आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या यजमानांनी आधी पर्वत करावा आणि दुसऱ्या दिवशी डायव्हिंग करावे. या क्रमात काहीही अडचण नाही. पृष्ठभागावरच्या साध्या स्नॉर्कलिंगला हा नियम लागू नाही.

शेवंती
औषधवेल आणि अभ्रक, मनापासून आभार. डायव्हिंगचा मुद्दा आमच्या ध्यानीमनीही नव्हता. बाबांच्या डॉक्टरांची वेळ उद्याच घेते. आता एक प्रश्न: आई-बाबांना फार चालावे न लागता काय काय पाहता येईल? आणि थंडी नेमकी किती असते? हवाईला गरम कपडे न्यायचे, हे घरात कोणालाच पटत नाही.

दीपमाळ
थंडीविषयी आधी सांगते. शिखरावरचे तापमान साधारणपणे शून्य ते १८ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान असते आणि वारा सुटला की ते गोठणबिंदूखाली गेल्यासारखे भासते. किनाऱ्यावरच्या तापमानावरून अंदाज करू नका. कानटोपी, हातमोजे, वारा अडवणारे जाकीट आणि पावसाळी कोट प्रत्येकासाठी घ्या. दुपारी त्याच जागी कडक ऊन असते, म्हणून टोपी आणि सनस्क्रीनही हवेच. उद्यानात पेट्रोल मिळत नाही आणि खाण्याचे पदार्थही विकत मिळत नाहीत. वाटेवरच्या पुकालानी किंवा कुला परिसरातच सारे भरून घ्यावे.

चालणे कमी असेल तरी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ६,८०० फुटांवर हॉस्मर ग्रोव्ह लागते. हवाईचे पहिले वनाधिकारी राल्फ हॉस्मर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लाकडासाठी पाइन, निलगिरी अशी परदेशी झाडे इथे लावून पाहिली. त्या लागवडीला लागूनच मूळच्या झुडपांचे रान आहे. इथे सकाळी शांतपणे उभे राहिले तर आपापाने आणि लालभडक, वाकड्या चोचीचा इइवी हे पक्षी दिसतात. तुमच्यासाठी हा थांबा दुहेरी उपयोगाचा आहे, कारण अर्ध्याहून अधिक उंचीवर आई-बाबांना कसे वाटते ते इथेच कळेल. पुढे लेलेइवी आणि कालाहाकू ही दृश्यस्थळे आहेत. ९,७४० फुटांवरच्या अभ्यागत केंद्रापासून दरी थेट समोर दिसते. अगदी माथ्यावर पुउ उलाउला येथे काचा लावलेला निवारा आहे. वाऱ्यापासून आडोसा मिळतो आणि हवा स्वच्छ असेल तर शेजारच्या मोठ्या बेटावरचे माउना केआ आणि माउना लोआ हे पर्वत दिसतात.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. उतार लांबच लांब आहे आणि सतत ब्रेक दाबला तर ते तापून निकामी होतात. वळणांवर सायकलस्वार असतात, आणि रस्त्यावर नेने पक्षी निवांत चालत असतात.

पानवेल
नेनेचा उल्लेख आला, म्हणून थोडी भर घालते. हा हवाईचा राज्यपक्षी असलेला हंस माउईवरून पूर्णपणे नाहीसा झाला होता. १९६२ मध्ये बॉय स्काउट मुलांनी पिल्ले पाठीवरच्या खोक्यांतून पायी चालत दरीत नेली आणि तिथे ती सोडली. आज दिसणारे नेने हे त्या प्रयत्नाचे फळ आहे. गाडीखाली येऊन मरणे हा त्यांच्यापुढचा आजचा मोठा धोका आहे, आणि पर्यटकांनी खाऊ घातले की ते वाहनतळ सोडत नाहीत. मुलीला हे आधीच सांगून ठेवा. मुले असा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात.

रानवारा
इथे अखेरचा उद्रेक १७९० मध्ये झाला, असे मी कुठेतरी वाचले होते. म्हणजे ज्वालामुखी तसा अलीकडेपर्यंत धगधगत होता. जाणकारांनी सांगावे.

कातळ
ते वर्ष पूर्वी सर्वत्र छापले जात असे. दर्यावर्दी ला पेरूज यांच्या १७८६ च्या आणि व्हँकुव्हर यांच्या १७९३ च्या मोहिमांतील किनाऱ्याच्या नकाशांत फरक दिसला, त्यावरून मधल्या काळात लाव्हा समुद्रात उतरला असावा, असा तर्क केला गेला. पुढे रेडिओकार्बन पद्धतीने तपासल्यावर तो प्रवाह सुमारे १४८० ते १६०० या काळातला असल्याचे दिसून आले. तरीही हा पर्वत विझलेला मानत नाहीत. गेल्या हजार वर्षांत त्याने किमान दहा वेळा उद्रेक केला आहे.

वर उभे राहून जी प्रचंड दरी दिसते, ती उद्रेकाने उडालेले ज्वालामुखीचे तोंड आहे, असे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. पावसाने आणि ओढ्यांनी दोन बाजूंनी पर्वत कोरत नेला, दोन मोठ्या दऱ्यांची डोकी माथ्याजवळ एकमेकांना भिडली आणि हा विशाल खळगा तयार झाला. त्यानंतर पुन्हा ज्वालामुखी जागा होऊन राखेचे आणि लाव्ह्याचे थर तळाशी पसरले, त्यांवर तांबडे, काळे, पिवळसर शंकू उभे राहिले. उत्तरेची कोओलाऊ आणि दक्षिणेची कौपो ही दोन खिंडारे त्या जुन्या दऱ्यांचीच मुखे आहेत. दुपारी ढग त्यांतूनच आत शिरतात. तळ काठापासून सुमारे २,६०० फूट खाली आहे. पाण्याने कोरले आणि आगीने भरले, हा क्रम मनात ठेवून दरी पाहिली तर प्रत्येक शंकूचे स्थान समजू लागते.

मृद्गंध
कातळ, हे वाचून माझा आग्रह आणखी वाढला आहे. ती दरी आतून पाहण्यासाठी फार दूर जावेच लागते असे नाही. केओनेहेएहेए ही वाट अभ्यागत केंद्राजवळून निघते. पाव मैलावर पहिले दृश्यस्थळ आहे. तिथपर्यंत नऊ वर्षांची मुलगी सहज जाईल. अडीच मैल खाली, १,४०० फूट उतरल्यावर, का लुऊ ओ का ओओ हा शंकू लागतो. तिथून परत फिरले तरी पाच मैलांची चाल होते. भुसभुशीत राखेतून उतरणे मजेचे असते आणि तिथेच फसगत होते, कारण परतीची सगळी वाट चढणीची आणि विरळ हवेतली आहे. उतरायला लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ चढण्यासाठी राखून ठेवा. वाटेत पाणी आणि सावली नाही.

ज्यांना पूर्ण दरी ओलांडायची आहे त्यांनी सकाळी लवकर निघून ११ मैलांहून थोडी अधिक चाल करावी आणि हालेमाउऊच्या वाटेने ७,९९० फुटांवर बाहेर पडावे. गाडी तिथे ठेवून वर येणाऱ्या गाडीत लिफ्ट मागण्यासाठी उद्यानाने जागाही नेमून दिली आहे. तुमच्या कुटुंबासाठी हालेमाउऊचा पहिला १.१ मैल मात्र उत्तम आहे: झुडपांतून जाणारी वाट थेट काठावर पोहोचते, आणि उंची शिखरापेक्षा २,००० फुटांनी कमी असल्याने श्वासाला कमी त्रास होतो.

पानवेल
वाट सोडून एकही पाऊल टाकू नका, एवढी जोड मृद्गंध यांच्या लिहिण्याला देते. आहिनाहिना, म्हणजे रुपेरी पानांची सिल्व्हरस्वोर्ड, या वनस्पतीची इथली उपजात जगात फक्त याच पर्वताच्या वरच्या भागात वाढते. पानांवरची रुपेरी लव कडक ऊन आणि कोरडी हवा यांपासून तिचे रक्षण करते. एखादे झाड अनेक दशके जगते, एकदाच शेकडो फुलोऱ्यांचा उंच दांडा उभारते आणि बी धरून मरते. तिची मुळे जमिनीत वरच्यावर पसरलेली असतात, त्यामुळे जवळून चालणाऱ्याच्या पायाखाली ती तुटतात. एकेकाळी गुरे-शेळ्यांनी आणि गंमत म्हणून झाडे उपटणाऱ्या माणसांनी ही जात संपवत आणली होती. संरक्षणामुळे ती सावरली, परंतु हवामान अधिक उष्ण आणि कोरडे होत चालल्याने खालच्या उतारांवरची झाडे पुन्हा मरू लागली आहेत. सप्टेंबरमध्ये तुम्हाला एखादे फुललेले झाड दिसण्याची शक्यता आहे. कालाहाकूजवळ ही झाडे वाटेच्या कडेनेच पाहता येतात.

नक्षत्रवेध
सूर्योदय की सकाळ, या वादात सूर्यास्ताला कोणी विचारलेच नाही. सूर्यास्तासाठी आरक्षण लागत नाही. वाहनतळ भरू शकतो म्हणून तासभर आधी पोहोचावे. अंधार पडल्यावर दिसणारे आकाश अप्रतिम असते, कारण ढग आणि किनाऱ्यावरचे दिवे दोन्ही खाली राहतात. शिखरालगतची वेधशाळा, जिथे सूर्याचा अभ्यास करणारी चार मीटर आरशाची इनोउये दुर्बीण आहे, ती लोकांसाठी खुली नाही. विजेऱ्यांचा झोत आकाशाकडे टाकू नका. उआऊ हा दुर्मिळ सागरी पक्षी शिखराजवळच्या बिळांत घरटी करतो, रात्रीच ये-जा करतो आणि दिव्यांनी बिथरतो.

केवडा
दगड रचून मनोरे करणे, खडे आठवण म्हणून आणणे आणि ड्रोन उडवणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. ड्रोनवर उद्यानात बंदीच आहे. हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी हे शिखर आजही पूजेचे स्थान आहे. तिथे संगीत लावून नाचणारे लोक पाहिले की मला फार वाईट वाटते.

शमी
किपाहुलूचे उत्तर राहून गेले. तो भाग याच उद्यानाचा असला तरी शिखरापासून तिथे उद्यानातून जाणारा रस्ता नाही. परत खाली येऊन हानाच्या वळणावळणाच्या रस्त्याने किनाऱ्याकिनाऱ्याने जावे लागते आणि हाना गावापुढे आणखी सुमारे १२ मैल. एका दिवसात दोन्ही करणे हा वडीलधाऱ्यांवर अत्याचार ठरेल. पिपिवाई वाट जाऊन-येऊन चार मैलांची आहे. बांबूच्या रानातून ती वाइमोकू या सुमारे ४०० फूट उंच धबधब्याशी जाते. पाऊस डोंगरात पडला की ओढ्याला अचानक लोंढा येतो, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी रेंजरना विचारावे. जमल्यास हानाला एक रात्र राहा.

शेवंती
सर्वांचे आभार. बाबांच्या डॉक्टरांनी चाचण्या पाहून संमती दिली आहे, मात्र वर तीन-चार तासांहून अधिक थांबू नये आणि चढण टाळावी, असे बजावले आहे. त्यावरून असा बेत केला आहे: पहिले दोन दिवस किनाऱ्यावर विश्रांती. तिसऱ्या दिवशी सकाळी निघून आधी हॉस्मर ग्रोव्हला थांबायचे, तिथे सर्व ठीक असेल तर वर जायचे. आई-बाबा माथ्यावरच्या निवाऱ्यात बसतील, मी त्यांच्यासोबत राहीन. नवरा आणि मुलगी पहिल्या दृश्यस्थळापर्यंत उतरून येतील. परतताना मी आणि मुलगी हालेमाउऊच्या काठापर्यंत जाऊ. चौथ्या दिवशी डायव्हिंग, पाचव्या दिवशी हाना आणि किपाहुलू. सूर्योदय या वेळी नाही. रानवारा यांनी राग मानू नये.

रानवारा
राग कसला, डॉक्टरांच्या अटी वाचल्यावर मीही हेच सुचवले असते. एक व्यावहारिक गोष्ट: वाहनाचे ३० डॉलर प्रवेशशुल्क तीन दिवसांसाठी असते आणि ते शिखर व किपाहुलू दोन्हींकडे चालते. तुमच्या बेतात तिसरा आणि पाचवा दिवस त्या मुदतीत बसतात, म्हणून पावती जपून ठेवा. शुल्क रोख घेत नाहीत, कार्ड सोबत असू द्या.

औषधवेल
बेत चांगला आहे. एकच बदल सुचवतो: तुम्ही मुलीसोबत हालेमाउऊला जाल तेव्हा आई-बाबांजवळ तुमच्या यजमानांना थांबवा आणि गाडीची किल्ली त्यांच्याकडे द्या. कोणाला त्रास होऊ लागला, तर त्यांना तुमची वाट पाहत बसावे लागू नये. ते थेट खाली उतरतील आणि तुम्हाला घ्यायला नंतर परत येतील. तुम्ही दोघींनी पाणी आणि गरम कपडे गाडीत न ठेवता पाठीवरच घ्यावेत.